दारं नसलेला माळ

खग्रास ग्रहण जेमतेम तीन मिनिटांचे होते. त्याच्या तयारीला आम्हाला दोन महिने लागले.

ही २००९ च्या जुलैमधली गोष्ट. चंद्राच्या सावलीचा पट्टा गुजरातेतून मध्य प्रदेशात जाणार होता. आमच्या शहरातून सूर्य पूर्ण झाकलेला दिसणार नव्हता. इंदूरच्या बाजूला गेले तर पूर्ण, तोही सकाळी साडेसहाच्या आत. मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. जाणारे आम्ही पाच जण: वाळूजच्या कारखान्यात फिटर असलेला माझा मित्र, त्याची बायको, त्याची आई, निवृत्त विज्ञान शिक्षक असलेले आमचे सर आणि मी. जीप शहागंजातल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरची.

बैठका रविवारी मित्राच्या बजाजनगरातल्या घरी होत. नियोजनाचा कागद माझ्याकडे असे. त्यावर अंतरे, मुक्काम, मित्राची रजा आणि जागेसाठीच्या दोन अटी होत्या. पूर्वेला आडोसा नको, आणि पट्ट्याच्या मध्यरेषेपासून फार लांब नको. मध्यरेषेपासून जितके दूर जावे तितकी अंधाराची सेकंदे कमी होतात. सर सेकंदांच्या बाबतीत कठोर होते. "पाच सेकंद थोडी वाटतात का तुला?" असे ते मित्राला दोनदा सुनावून झाले होते. ढगांची धास्ती सगळ्यांनाच होती. ड्रायव्हरने आधीच सांगून टाकले, "बादल हो गए तो मेरेकू नक्को बोलना. मै गाडी चलातूं, आसमान नै चलाता."

तिसऱ्या बैठकीला सर खुशीत आले. मध्यरेषेच्या अगदी जवळच्या एका गावातल्या शाळेचे मैदान मिळाले होते. "राहायला वर्ग उघडून देतायत. आणि मुख्याध्यापक म्हणाले, अख्खं गाव बघायला येणार."

मित्राची आई, म्हणजे आमच्या मावशी, दाराशी बसून शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मंग मी नाय येत."

आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ काढला: त्या ग्रहणाला भितात. सर उठले, स्वयंपाकघरातून वाटी आणि लिंबू घेऊन आले आणि सावली कशी पडते ते दाखवू लागले. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"सर, सावली हाय ती, कळलं मला. लिंबू ठिवा, वरणाला लागंल. गावात घरं किती हायती ते सांगा."

"असतील दीड-दोनशे."

"म्हंजी तेवढी दारं."

मग त्यांनी सांगितले. मी कागदाच्या मागे लिहून घेत गेलो. हाताला सवय होती. त्यांचे माहेर सोयगाव तालुक्यातले. लहानपणी ग्रहण लागले की आई त्यांना घेऊन गावात निघायची. डोक्यावर पाटी घ्यायची आणि प्रत्येक दारापुढे हाळी द्यायची: "दे दान, सुटे गिराण!" ग्रहणाचे दान त्यांच्याच वस्तीने घ्यायचे, असा गावाचा रिवाज होता. लोक अंतर राखून वरून जुनी लुगडी, धान्य टाकायचे. त्या बारा वर्षांच्या असताना घराने धम्म घेतला. पुढच्या ग्रहणाला वडिलांनी कुणाला जाऊ दिले नाही, तेव्हा गावच त्यांच्या दाराशी आले. तुम्ही निघाल्याशिवाय ग्रहण सुटायचे कसे, असा त्यांचा सवाल. वडिलांनी आतून कडी लावली आणि सगळ्यांना आत बसवले. नंतरची ग्रहणे तशीच कडी लावून गेली.

"आदी फिरण्यात गेली, मंग कोंडून. गिराण म्हंजी काय, ते म्या आजून बघितलंच नाय. बघायचंय मला. पर कुनाच्या दारापुढं नाय."

मित्र आईकडे बघत राहिला. त्याला यातले काही माहीत नव्हते. सून म्हणाली, "आत्याबाई, येवढं दाबून ठिवलं व्हय?"

"तुमी कवा इचारलं?"

मी कागदावर तिसरी अट लिहिली: जवळ गाव नको.

जागा ड्रायव्हरने सुचवली. त्या रस्त्याने तो कांदा घेऊन जात असे. एका बंद पडलेल्या खडी क्रशरच्या मागे उघडा माळ होता, पूर्वेला काहीच नव्हते. मी नकाशावर अंतर मोजले. वीस सेकंद कमी होत होती. आकडा सांगताना मी सरांकडे पाहिले नाही. सरांनी चष्मा पुसला. "वीस सेकंदांनी काय होतंय," ते म्हणाले, आणि मुख्याध्यापकांना त्यांनीच फोन करून माफी मागितली. नोकरीत मी शेकडो बैठकांना बसलो. त्या खोलीत बसायला मिळाले, याबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

आदल्या दिवशी सकाळी निघालो. फर्दापुरात सोयगावचा फाटा आला तेव्हा मावशींचे डोळे मिटलेले होते. झोप लागली होती का, ते कुणी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास माळावर पोहोचलो. आभाळ गच्च होते. सूर्य उगवला तोच ग्रहण लागलेला, पण ढगांच्या मागे. ड्रायव्हर थोडा बाजूला जाऊन ग्रहणाची नमाज पढू लागला. मावशी सतरंजीवर बसल्या.

तेवढ्यात रस्त्याने एक बाई झपाझप जाताना दिसली. डोक्यावर पाटी होती. मावशी उठून रस्त्यापर्यंत गेल्या.

"ओ बाई, किधर चली?"

"कोसभर आगे, गाँव में. गिरहन लग गया ना. बाट देख रहे होंगे."

"देखने दो उनको. तुम बैठो जरा."

ती बाई का थांबली, मला सांगता येणार नाही. सुनेने डब्यातल्या पोळ्या काढल्या आणि सवयीने पाटीकडे हात नेला. मावशींनी तो अडवला. "पाटीत नाय." त्यांनी दोन ताटल्यांत पोळी आणि ठेचा वाढला, एक तिच्यापुढे ठेवली आणि दुसरीतला घास स्वतः घेतला. ग्रहणात खायचे म्हणून ती बाई आधी बिचकली. मग हसली आणि जेवू लागली.

अंधार पश्चिमेकडून आला, ढगांच्या खालून, भराभर. पाखरे गप्प झाली. सूर्य कुणालाच दिसला नाही. घड्याळाच्या काट्यापलीकडे माझ्या लक्षात राहिले ते एवढेच, की त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि कुणी उठण्याची घाई करत नव्हते.

उजेड परतला तशी बाई उठली, पाटी घेऊन गावाकडे गेली. मावशींनी तिला अडवले नाही. "तिचं पोट हाय त्याच्यावर," त्या म्हणाल्या.

सर खाली मान घालून बसले होते. दोन महिन्यांचा हिशोब ढगांत गेला होता. पाच-सात मिनिटांनी मित्र ओरडला, "माय, वर!" ढग विरळ झाला होता आणि सूर्याची कोर दिसत होती. त्याने वेल्डिंगची काच आईच्या हातात दिली.

"लई बारीक हाय गं बाई," मावशी म्हणाल्या आणि बघत राहिल्या.

सर उठून त्यांच्यामागे उभे राहिले. थोडे थांबून म्हणाले, "ताई, आता माझा नंबर."

"थांबा की सर. तुमी लई गिराणं बघितली आसतील."