आईसाठी घेतलेला व्हीसीडी प्लेअर

तुळशीच्या ओल्या मातीचा वास आला की मला आमचा व्हीसीडी प्लेअर आठवतो. लग्न लागताना नवरीच्या आईनं बघायचं नसतं, मंडपामागे तुळशीला पाणी घालत राहायचं असतं. माझं लग्न आईनं असं नुसतं कानांनीच ऐकलं होतं. म्हणून वर्षभरानं लग्नाची सीडी पर्समध्ये टाकून मी आणि हे नाशकात मेन रोडवरच्या दुकानात गेलो. "ताई, डीव्हीडीचा घ्या, हे आता बंद पडणार," दुकानदार सांगत होता, पण मला एकच सीडी दाखवायची होती, तीही एकाच माणसाला. एसटीत खोकं मांडीवर धरून सायखेड्याला पोचले, ह्यांनी वायरी जोडल्या, आईला टीव्हीसमोर बसवलं. हळदीला ती खूप हसली. मग पडद्यावर अंतरपाट धरला, पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि आई उठलीच. "अगं, झालंय माझं लग्न! आता बघितलं तर काय होतंय?" "नाय गं बाय, मी नाय बघायचं." मी जेवढ्या वेळा सीडी थांबवली, मागे नेली, तिला हात धरून बसवलं, तेवढ्या वेळा ती उठली. शेवटी तांब्या भरून अंगणात गेली. आत अक्षता पडत राहिल्या, बाहेर पाणी. परवा माझ्या लेकीचं लग्न लागत होतं. मंडपामागे भाचीनं माझ्यासमोर मोबाइल धरला, "मावशी, बघ ना, सगळं लाइव्ह दिसतंय!" मी तांब्या घट्ट धरला आणि मान फिरवली.