तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आडनाव बदललंच, पहिलं नावही बदललं. आमच्याकडे तशी पद्धत होती, मी बावीस वर्षांची होते, त्यात काही वावगं वाटलं नाही. डिप्लोमाचं सर्टिफिकेट जुन्या नावाचं राहिलं आणि पासपोर्ट नव्या नावाचा झाला. पुढे वीसेक वर्षं त्यावरून कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते कतारमध्ये, नोकरी गेल्यावर.

मी रास लफानला एका कंत्राटदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कुठल्या ड्रॉइंगची प्रत नवी, कुठली रद्द, कुणाची सही राहिली, एवढं बघायचं काम. आले होते नवऱ्याच्या व्हिसावर, इथेच नोकरीला लागले, तेव्हा कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही. तो वारल्यावर मुलीला माझ्या व्हिसावर घेतलं. मग प्रोजेक्ट संपला आणि आमच्या अख्ख्या सेक्शनला पत्रं मिळाली.

इथे नोकरी सुटली की दुसरी मिळवायला ठरावीक मुदत असते. तेवढ्यात नवा कफील, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर तुम्ही देशात राहता तो मालक, मिळाला नाही तर निघायचं. मुलगी बारावीत होती. बोर्डाचा फॉर्म दोहाच्या शाळेतून भरून झाला होता. तिची परीक्षा होईपर्यंत मला इथे राहायचं होतं. त्यापुढचं मी काही मागत नव्हते.

नोकरी गेलेल्यांसाठी एक सरकारी योजना होती, पण ती चालवायला एका खासगी कंपनीला दिली होती. नाव नोंदवलं की दर आठवड्याला वर्कशॉपला हजेरी. दोनदा चुकलात तर नाव कमी. एकाच वर्गात मी, दोन अकाउंटंट, एक स्वयंपाकी आणि इंडस्ट्रियल एरियातून आलेला क्रेन ऑपरेटर. टाय लावलेला ट्रेनर हस्तांदोलन कसं करावं ते शिकवायचा. एकदा त्याने सगळ्यांना बायोडेटात छंद लिहायला सांगितले.

क्रेनवाला माझ्या शेजारी होता. हळूच म्हणाला, "बहनजी, इस में क्या लिखूँ?"

"छुट्टी के दिन क्या करते हो?"

"सोता हूँ."

"रीडिंग लिख दो."

"पढ़ना आता तो क्रेन पे क्यों चढ़ता?"

मी त्याच्या कागदावर 'क्रिकेट' लिहिलं. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. मायदेशी परत गेला असं कळलं.

नोकरी मी माझी मीच शोधली. जुन्या सहकाऱ्याने दुखानला एका कंपनीत शब्द टाकला, मुलाखत फोनवर झाली, त्यांना मी हवी होते. पण माझं नाव योजनेत होतं, म्हणून कागदपत्रांची पडताळणी योजनेच्या ऑफिसातूनच व्हायची होती. आणि पद टेक्निकल, म्हणून डिप्लोमा लागणार होता.

तिथली कौन्सेलर पंचविशीतली मुलगी, डोक्यावर स्कार्फ, आधी सगळं इंग्रजीत. पासपोर्टवर जन्मगाव नाशिक बघितलं आणि आवाज खाली आणला. "मराठी काय? मी चिपळूणची. बसा, ताई." मग सर्टिफिकेट उलटंपालटं करून म्हणाली, "पण ह्याच्यावर दुसऱ्याच बाईचं नाव हाय."

"ती मीच. लग्नात बदललं."

"आडनाव ना? त्याला रकाना हाय."

"पहिलंसुद्धा."

तिने माउसवरचा हात काढला. "पहिलं कशाला बदलतात?"

मी तिला ताट, तांदूळ, अंगठी सगळं सांगितलं. ती हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवून इकडेतिकडे बघितलं. "आमच्यात नाय तसलं. माझं नाव बदलायला कोण आला असता तर आयेने त्याला दारातनंच घालवला असता."

"माझ्या आईने पेढे वाटले होते."

"सिस्टीमला कसं सांगू हे, ताई? पहिलं नाव वेगळं म्हणजे माणूस वेगळा."

मी वरच्या साहेबांशी बोलते म्हटलं, तर कळलं की पडताळणी त्यांनी आणखी एका कंपनीला दिली आहे आणि ती दुसऱ्या देशात बसते. त्यांचा फोन हिच्याकडेही नव्हता. तक्रार टाकायची आणि उत्तराची वाट बघायची.

नाशिकच्या भावाला सांगितलं. त्याने धावपळ करून नावबदल गॅझेटमध्ये छापून आणला. मी तो अपलोड केला. चार दिवसांनी उत्तर आलं, कागद इंग्रजीत नाही. इंग्रजी भाषांतर शिक्क्यासकट जोडलं. पुन्हा आठवडा. मग उत्तर आलं: नाव गेल्या महिन्यात बदललं, मग त्या नावाचा पासपोर्ट इतक्या वर्षांपूर्वी कसा निघाला? खुलासा करावा.

 तारखांचा असा घोटाळा पकडायचं काम मी बारा वर्षं करत होते. दुसऱ्या कुणी असला कागद माझ्याकडे आणला असता तर मीही परत पाठवला असता. पासपोर्टच्या वेळी दिलेलं प्रतिज्ञापत्र शोधायला हवं होतं, गॅझेट नव्हे. भावाने सगळी कपाटं उपसली. ते सापडलं नाही.

खुलासा लिहिला. तांदळाचंही लिहिलं, दुसरं काय लिहिणार. त्यावर उत्तर आलं नाही. वर्कशॉपच्या हजेरीचे मेसेज मात्र वेळेवर येत होते. चिपळूणची मुलगी दर आठवड्याला म्हणायची, "इन्शाल्ला होईल, ताई," आणि माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघायची. मी तिला बोल लावत नाही. तिला फक्त तक्रार पुढे पाठवायचं एक बटण दिलं होतं.

मुदतीचे अकरा दिवस उरले असताना दुखानच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, सॉरी, वो पोस्ट खलास. साइट रुक नहीं सकती." मी ठीक आहे म्हटलं. त्याची साइट खरंच थांबू शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. परीक्षेचं केंद्र भारतात बदलून मिळेल का, विचारलं. क्लार्क बाई सभ्य होत्या. त्यांनी बोर्डाचं पत्रक काढून दाखवलं. बदलाची तारीख केव्हाच उलटली होती.

तिथूनच जाऊन दोघींची तिकिटं काढली आणि संध्याकाळी मुलीला जेवायच्या टेबलावर बसवून सांगितलं. ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत बोलते, आमचं घरात तसंच चालतं.

"कॅन आय स्टे विथ माय फ्रेंड?"

"नाही. तू माझ्या व्हिसावर आहेस. माझा गेला की तुझाही जातो."

"सो आय लूज द इयर."

"हो."

मला वाटलं होतं ती रडेल, निदान माझ्यावर चिडेल. तिने केमिस्ट्रीचं जर्नल पुढे ओढलं आणि अर्धवट राहिलेली आकृती पूर्ण करायला घेतली. सोमवारी प्रॅक्टिकल आहे, म्हणाली. आमचं विमान रविवारचं होतं. मी तिला थांबवलं नाही.