नवरदेवाची गाडी

१९७६ च्या दसऱ्याला मी नव्या जालन्यात साडेसात हजार रोख देऊन जुनी मोटार घेतली. सौद्याला जुना मालक, दलाल आणि मी, एवढेच होतो. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मुलगी परभणीला सासरी होती. गाडीचा पत्रा जाड होता, दारं घट्ट लागत, पण पेट्रोल फार खाई. हप्त्यांवर काही घेणं मला पसंत नव्हतं. ड्रायव्हरचा खर्च वाचावा म्हणून चालवायलाही शिकलो. दारात गाडी असली की माणसं येतील-जातील, असं मनात होतं.

लग्नसराईत शेजारी आले. मुलाचं लग्न अंबडला होतं. "भाऊ, गाडी घेऊन तुम्हीच चला. तुम्ही घरचेच," म्हणाले. मी कोट इस्त्री करून घेतला.

तिथं उतरल्यावर शेजारी मानपानात गुंतले आणि मुलीकडच्या एकाने मला मांडवामागे ड्रायव्हर-वाजंत्र्यांच्या पंगतीत नेलं.

"बसा मामा, पोटभर जेवा. नवरी घेऊन जायची हाय, झोप लागू देऊ नका."

"मी ड्रायव्हर नाही," मी म्हणालो.

"मंग नवरदेवाचे कोण तुम्ही?"

वाढपी पळी धरून थांबला होता. काका म्हणावं, तर नातं नव्हतं. शेजारी म्हणावं, तर गाडी घेण्याआधी त्यांनी मला कधी जेवायला बोलावलं नव्हतं.

"गाडी मीच चालवतो," मी म्हणालो आणि बसलो.

निघताना मुलीच्या वडिलांनी ड्रायव्हरची बक्षिसी म्हणून पाच रुपये माझ्या हातावर ठेवले.