सात वर्षांनी आकड्याला वजन

बंदरातली झाडून सगळी माणसं त्याला ‘हवावाला’ म्हणत. म्हणणारच! सात वर्षं हा गृहस्थ रोज सकाळी क्रेनच्या एकशे दहा पायऱ्या चढायचा, रिकामा आकडा खाली सोडायचा, वर घ्यायचा, पोलादी दोरांना तेल लावायचा आणि उतरायचा. बाहेरच्या समुद्रात चाच्यांनी असा उच्छाद मांडला होता की एकही मोठं जहाज इकडे फिरकत नव्हतं. बंदर बसलं, त्याच्यामागे अख्खं गाव बसलं.

“हवा उचलून पोटं भरणार आहेत का आपली?” बायको विचारायची. तिचंही खरंच होतं. पण हा पडला हट्टी. क्रेन गंजली तर उद्या जहाज येऊन उपयोग काय, एवढंच त्याचं म्हणणं.

मग एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्या तीन शेजारी देशांनी एकत्र गस्त घालायचं ठरवलं. गावाने नाकं मुरडली. आणि एका मंगळवारी सकाळी हवावाल्याला कॅबिनमधून जे दिसलं, त्यावर त्याचा विश्वासच बसेना. तीन निरनिराळ्या झेंड्यांच्या नौका मुकाट्याने एका रांगेत येत होत्या आणि त्यांच्या पाठोपाठ एक अवाढव्य जहाज. एकट्यानेच त्याने हात जोडले. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“काका, चारला गस्त परत निघणार, जहाज तिच्यासोबतच जाणार,” वॉकीटॉकीवर मुकादमाने बजावलं. “तोवर साठ कंटेनर उतरले तर जहाजाची कंपनी आपलं बंदर कायमचं फेरीत घेणार. नाही उतरले, तर विसरा.”

पहिल्याच कंटेनरला घात झाला. हाताला सवय रिकाम्या आकड्याची. त्याने झटकन ब्रेक लावला आणि वीस टनांचं ते धूड झोके घेऊ लागलं. खालची माणसं जीव घेऊन पळाली.

“अहो, हवा नाहीये ती!” मुकादम किंचाळला. जहाजाच्या कठड्याशी उभा कप्तान घड्याळ पाहत होता.

हवावाल्याला उमगलं. हात वजन विसरले होते! त्याने कंटेनर जिकडे झुकला तिकडेच क्रेन अलगद नेली, पुन्हा नेली, तेव्हा कुठे झोका शमला. मग दुसरा. मग दहावा. हातांना एकेक आठवू लागलं आणि त्याचा ऊर भरून आला. काय ताकद होती त्या ओझ्यात! कुठल्या कुठल्या गावांनी बांधून पाठवलेलं ते सामान आज त्याच्या हाताने जमिनीवर टेकत होतं.

साठावा कंटेनर टेकला तेव्हा चाराला नऊ मिनिटं कमी होती.

तो खाली उतरला तर धक्क्यावर बायको उभी. सुटत्या जहाजावरून कप्तान वाकून मोडक्या भाषेत ओरडला, “पुढचा मंगळवार! नव्वद!”

 हवावाला तिथेच पायरीवर बसला. बायको शेजारी टेकली.

“जड होतं का हो?” तिने हळूच विचारलं.

“फार जड होतं गं,” तो म्हणाला, आणि सगळ्या बंदरादेखत हमसून हमसून रडू लागला.