नाव माझं, कारखाना शेठचा

“ऊठ आता. साहेब गेले.”

मी उठले. शेठनी सुपरवायझर शोभाताईला हाक मारली, “ती खुर्ची जरा पुसून घे गं.” ती ओलं फडकं घेऊन आली. हात, पाठ, बैठक. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच खुर्चीत मला तपासणीपुरती मालकीण म्हणून बसवलं होतं. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर टांगली होती, तीही माझ्याच घरून मागवलेली. ती काढून शेठनी माझ्या हातात दिली. “चल, मशीनवर बस. पीस पडलेत.”

उल्हासनगरातला जीन्सचा कारखाना. बाबा तिथे कटिंग मास्तर होते. ते गेले, तेव्हा शेठ अंबरनाथला आमच्या घरी आले. “पोरीला कामाला घेतो,” म्हणाले. आईने हात जोडले. माझी एम. ए.ची पुस्तकं कोपऱ्यात पडून राहिली. मग कागद आले. दलित महिला उद्योजकांसाठी राज्य सरकारचं अनुदान.

“फक्त सही कर. सगळीकडे असंच चालतं. तुझं काय जातंय?”

काय जातंय ते मी नियमांत वाचलं होतं. एका नावाला अनुदान एकदाच. बाबांना अंबरनाथ पश्चिमेला माझ्या नावाने लहानसं युनिट टाकायचं होतं. ते नाव आता शेठच्या कामी येणार होतं. तरी सही केली. घरातला कमावता माणूस गेला की उपकार नाकारायचं बळ राहत नाही.

दुसऱ्या तपासणीला शेठनी पुन्हा तसबीर मागितली. मी नेली नाही.

साहेबांनी विचारलं, “मॅडम, युनिट तुमचंच ना?”

“लाजते ती,” शेठ हसले. “बोल ना गं.”

मी साहेबांकडे वळले.

“नाही. नाव माझं आहे. कारखाना यांचा. मी इथे शिवणकाम करते.”

जवळची मशीनं थांबली.

“बाप मेला म्हणून कामाला ठेवली. हे पांग फेडलेस?” शेठ ओरडले.

साहेब हळूच म्हणाले, “अर्जावर सही तुमची आहे. चौकशी तुमचीही होईल.”

“होऊ दे. लेखी देते.”

काम त्याच दिवशी गेलं. चौकशी चालू आहे. मला कधी अनुदान मिळेल का, कुणी सांगत नाही. आई म्हणते, शेठची माफी माग, घर कसं चालणार? मी माफी मागणार नाही. ज्या कारखान्याच्या पाटीवर माझं नाव असेल, त्याची किल्ली माझ्या हातात असेल. नसेल, तर ते नाव मी स्वतः खरवडून काढीन.