गॅस वाढव

आमच्या घरात काही संपत नाही. म्हणजे संपतं, पण तसं म्हणायचं नसतं. पिठाचा डबा खडखडला की पीठ उदंड झालं. हातातली बांगडी फुटली की बांगडी वाढली. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. आमचे मालक उदगीरला भुसार दुकान चालवायचे, ते रात्री दुकान बंद करून कधीच आले नाहीत, रोज वाढवूनच आले. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, रोज एवढं वाढतंय तर आता दुसरा गाळा घ्यावा लागंल.

हे सगळं मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचं म्हणणं असं, की घर ऐकत असतं. घरात बसून बंद, संपलं, विझलं म्हणालं की घराला तेच खरं वाटायला लागतं. मला पटलं असं नाही. पण जिभेला वळण लागलं, आणि एकदा लागलेलं वळण पटण्याबिटण्याची वाट बघत नाही.

मग उदगीरच्या त्या घरात गॅस आला. गल्लीत पहिला आमचा. आत्याबाईंनी टाकीला विभूतीची तीन बोटं ओढली, हळदकुंकू वाहिलं, निरांजन पेटवून ओवाळलं आणि नारळ हातात घेऊन टाकीभोवती फिरून बघायला लागल्या की वाढवायचा कुठं. टाकी आणणारा बाहेर पाणी पीत होता. त्यानं खिडकीतून बघितलं आणि तांब्या टाकून आत पळत आला. "अवो आजी, टाकीवर न्हाई! आन ती आरती बी मागं घ्या आधी!"

"का रं? लक्ष्मी हाय ती."

"लक्ष्मीच हाय, पर लई तापट हाय."

त्यानं जाताना एक छापील कागद दिला. गॅस वापरताना घ्यायची काळजी. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, आणि मलाही शाळा फारशी लाभली नव्हती. कॅलेंडरच्या मागं गिरवून गिरवून मी जे शिकले तेवढंच. पण तो कागद मी वाचला, मोठ्यानं, गल्लीतल्या बायका जमवून. आणि वाचताना माझ्या तोंडातून जे निघालं ते असं: "रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर वाढवावा. गॅसचा वास आल्यास शेगडीची बटणं ताबडतोब वाढवावीत." कागदावर 'बंद' छापलेलं होतं, पण आत्याबाई समोर बसलेल्या. बायकांनी माना डोलावल्या. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण गल्लीतल्या सगळ्याच जणींना वाढवणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. तेव्हापासून गल्लीत गॅसचं काही निघालं की मला बोलावणं. नळी कधी बदलायची, टाकी आडवी का ठेवायची नाही, आधी काडी की आधी बटण, सगळं मला विचारायचे. मी बोलायचेही डॉक्टरणीसारखी.

आता आत्याबाई नाहीत, मालकही नाहीत. मी लातूरला मुलाकडं असते. गुडघ्यांनी साथ सोडली, त्यामुळं घरातली कामं एकेक करून माझ्या हातून गेली. कुणी काढून घेतली नाहीत, आपोआप गेली. उरलं एकच. सकाळच्या भाकरी. ओट्यापुढं उंच स्टूल ठेवलंय, त्यावर टेकून मी ज्वारीच्या सात भाकरी करते. तेवढा अर्धा तास त्या घरात मी पाहुणी नसते. बाकी दिवसभर समोरच्या खोलीत बसून वाती वळायच्या आणि तिथूनच स्वयंपाक करायचा. म्हणजे तोंडानं.

गेल्या वर्षी सून आली. किनवटकडची. लहानपणापासून वसतिगृहात राहून शिकलेली, आता इथं कॉलेजात शिकवते. गुणी पोरगी, पण नवी असल्यामुळं उलट विचारायची नाही. सांगितलं की "हाव, आई" म्हणायची आणि करायची. मला सुरुवातीला ह्याचं फार कौतुक वाटलं.

कुकर लावला की मी समोरच्या खोलीतून शिट्ट्या मोजायची. लातूरची तुरीची डाळ, तीन शिट्ट्यांत लोणी होते. तिसरी झाली की मी हाक मारायची, "झालं गं, गॅस वाढव!"

"हाव, आई!"

आणि चौथी शिट्टी. मग पाचवी, ती तर आणखी जोरात.

"अगं, वाढव म्हणायलेय की!"

"वाढवला, आई!"

सातव्या-आठव्या शिट्टीला कधीतरी कुकर गप्प व्हायचा. वरणाला खालून करपट वास, आणि डाळ अशी झालेली की तिला भूतकाळच राहिला नाही. दीड महिना आम्ही ते वरण खाल्लं. मी मनात म्हणायची, वसतिगृहात वाढलेलं लेकरू, तिकडं असंच खात असतील, पहिल्याच वर्षी कशाला टोका. आणि ती मनात म्हणायची (हे नंतर कळलं), आईंची कवळी आहे, त्यांना असंच लागत असंल. मुलगा काहीच म्हणायचा नाही. त्याला दोघींची भीती.

आता तो दिवस सांगते. संध्याकाळची वेळ. सुनेनं दूध तापायला ठेवलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. माहेरचा. तिच्या गावात रेंज म्हणजे नशिबाचा भाग. एकदा लागलेला फोन ठेवला की पुन्हा कधी लागंल सांगता येत नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून बघायला लागली, जाऊ का नको. मी वाती वळत होते. म्हटलं, "जा, बोल आईशी. जाताना तेवढा गॅस वाढव."

"हाव, आई," म्हणून तिनं बटण फिरवलं आणि गॅलरीत गेली.

मी निर्धास्त. मी सांगितलंय, तिनं वाढवलाय, दूध आपलं निवत बसलंय. ती पण निर्धास्त. आईंनी मोठा करायला सांगितलाय म्हणजे आई बघतीलच. अशा दोन निर्धास्त बायकांच्या मधे ते दूध मोठ्या आचेवर वर आलं, उतू गेलं, बर्नरवर सांडलं आणि जाळ गेला. बटण मात्र उघडंच.

माझ्या वाती झाल्या. दिवेलागण झाली म्हणून उठले. आमचं देवघर स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात आहे. आत गेले तर वास. मला वाटलं, हिनं लसूण सोलून तसाच टाकला. देवापुढं लसणाचा वास, काय म्हणावं आता! निरांजनात वात घातली, तेल घातलं, काडेपेटी उघडली, काडी काढली.

"आई! काडी नका ओढू!"

गॅलरीच्या दारात सून उभी. तिचा आवाज एवढा मोठा असंल हे मला त्या दिवशी कळलं. आणि मला आला राग. सांजेच्या वेळी, देवाच्या दिव्याला, घरात येऊन दोन महिने झाले नाहीत ती सून नको म्हणते!

"का गं? आता दिवा लावायचा बी तुला विचारून का?"

 ती दोन ढांगांत आली, काडेपेटी माझ्या हातातून हिसकली आणि गॅलरीत फेकली. शेगडीचं बटण फिरवलं. खाली वाकून रेग्युलेटर फिरवला. खिडकी, मागचं दार, सगळं उघडलं. मला अंधारात काही दिसेना म्हणून मी दिव्याच्या बटणाकडं हात नेला.

"बटणाला हात नका लावू! बाहेर चला, आई. आधी बाहेर."

आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. गॅलरीत उभी राहिले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. कारण तेवढ्या वेळात ती जे जे बोलली, तिनं जे जे केलं, ते सगळं त्या कागदावरचं होतं. मी उदगीरच्या गल्लीकडून पाठ करून घेतलेल्या कागदावरचं, ओळीनं. काडी ओढू नये. विजेचं बटण दाबू नये, चालूही नाही आणि दुसरंही नाही. गॅस जड असतो, खाली साठतो, दारं उघडावीत. सगळं मला येत होतं. फक्त नाकानं लसूण म्हटलं आणि मी त्याचं ऐकलं.

तासाभरानं मुलगा आला. तोवर वास गेला होता, पण शेगडीवर करपलेलं दूध होतं आणि दोघी गॅलरीत बसलेल्या. त्यानं एकदा बघितलं आणि विचारायच्या आधीच निकाल दिला. तो मला उदगीरच्या सवयीनं अव्वा म्हणतो. "अव्वा, गॅस चालू ठेवून विसरलीस ना?"

 वय झालं की चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, घरातलं सगळ्यात म्हातारं कोण एवढंच बघतात. सुनेनं तेवढ्यावर सोडलं असतं तर निभावलं असतं. पण ती म्हणाली, "अहो, आई नाही विसरल्या. मीच होते. आई वाढव म्हणाल्या, मी वाढवला आणि फोनवर गेले."

"वाढवलास?" मी म्हटलं. "कशाचा वाढवलास, चालूच होता की तो!"

"वाढवला की, आई. एकदम फुल्ल केला."

"फुल्ल?"

"मग वाढव म्हणल्यावर काय करतात?"

मुलगा खुर्चीवर बसला, डोक्याला हात लावला आणि हसायला लागला. त्याला दोन्ही वाढवणी येत होती. लहानपणी आज्जीची, नंतर जगाची. दीड महिन्याचं वरण त्याला त्या क्षणी उमगलं. आम्हीही हसलो. मी तर डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो.

पण हसून झाल्यावर त्यानं टाकी गॅलरीत नेऊन ठेवली. "उद्या इंडक्शन आणतो. अव्वा, तू ज्या दिवशी 'बंद' म्हणायला शिकशील त्या दिवशी गॅस परत."

"हे काय नवीन?"

"एकदा म्हण. आत्ता म्हण. गॅस बंद कर. तीनच शब्द आहेत."

मला म्हणता आलं नाही. त्याला वाटलं हट्ट. आत्याबाईंची शिस्त वाटली असंल. मी पण तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी ते काळं काचेचं यंत्र आलं. त्यावर माझा तवा ठेवला की ते शिट्टी मारतं, तवा उचलला की रुसून गप्प बसतं. भाकरी तव्यावर भाजते, पण फुगायला जाळावर टाकावी लागते; जाळच नाही तर फुगणार कशानं? तीन दिवस मी केल्या. पापडासारख्या कडक, नाहीतर चिवट. तिसऱ्या दिवशी मुलानं एक घास ओढून तोडला आणि म्हणाला, "भाकरीला काय झालं गं?"

"यंत्राला विचार," म्हटलं. चौथ्या दिवशी मी स्टुलावर बसलेच नाही. सुनेनं पोळ्या केल्या. सकाळचा तो अर्धा तासही गेला. आता मी दिवसभर पाहुणी.

त्या दुपारी सून माझ्याजवळ येऊन बसली. वातीचा कापूस हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? बंद म्हणायला काय होते?"

मग मी तिला सांगितलं. मालक गेले तेव्हा दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाहेर आला होता. चांगला होता बिचारा, पण घाईत होता. म्हणाला, "हृदय बंद पडलं." एवढंच. आयुष्यभर ज्या माणसानं दुकान वाढवलं, त्याच्याबद्दल कुणी त्या शब्दात बोलंल असं मला वाटलं नव्हतं. नंतर बायकांनी माझ्या बांगड्या काढल्या, तेव्हा त्या मात्र म्हणाल्या, वाढवल्या. त्या दिवशी मला आत्याबाईंचं पहिल्यांदा पटलं.

तिनं हातातली वात वळून पूर्ण केली. मग म्हणाली, "तर दुसरा शब्द काढू आपण. थांबव म्हणा."

"थांबव म्हणजे काय एसटी हाय का?"

"मालव?"

"मालव बरा हाय," मी म्हटलं. खरंच बरा होता. दिव्याला शोभतो, कुणाला टोचत नाही. घेऊन टाकावा असं वाटलं. पण मग मला गॅलरीच्या दारातली ती आठवली. काडी नका ओढू. त्या हाकेत किती शोभा होती? ती जर तेव्हा मला बरं वाटावं असं काही शोधत बसली असती, तर आज ही वात वळायला दोघीही नसतो. घर ऐकतं हे खरं असंल. पण आधी माणसाला ऐकू गेलं पाहिजे, आणि एकच ऐकू गेलं पाहिजे.

"चल आत," म्हटलं.

ओट्यापुढं उभी राहिले. शेगडीला हात लावून शिव शिव म्हटलं, भिंतीवरच्या मालकांच्या फोटोकडं पाठ केली आणि म्हटलं, "गॅस बंद कर."

काही झालं नाही. होणार काय? टाकी गॅलरीत होती.

सून एवढी हसली की खाली बसली. संध्याकाळी तिनंच नवऱ्याला सांगितलं, "आई म्हणाल्या. मी ऐकलं." त्यानं मला पुन्हा म्हणायला लावलं नाही, तेवढी त्याला समज आहे. टाकी आत आणली, जोडली, आणि मी सांगितलं म्हणून रेग्युलेटरला आणि नळीला साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडा येतोय का. नाही आला. दुसऱ्या दिवशी सात भाकरी केल्या. सातही टम्म.

आता मी समोरच्या खोलीतून बरोबर हाक मारते. कालचंच सांगते. तिसरी शिट्टी झाली, मी म्हटलं, "झालं गं, गॅस बंद कर!"

आतून आवाज आला, "वाढवला, आई!"

मी हातातली वात खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि दोन्हींपैकी कुठला वाढवला ते बघायला आत गेले.