मामांची फुंकणी

मागच्या आठवड्यात एका सकाळी आमच्या मामांनी मला चांगलंच खोटं पाडलं... आणि मी आनंदानं रडत बसले. गॅसवरचं दूध उतू गेलं ते वेगळंच.

मामा म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात गुजरीत त्यांचं सोनारकाम. फुंकणीतून दिव्याच्या ज्योतीवर फुंकत गळ्यातल्या साजाची बारीक पानं जोडण्यात हयात गेली.

पाच महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली, ओठाचा कोपरा ओघळला. फिजिओथेरपीनं हातपाय थोडे हलायला लागले, पण आपलं बोलणं कुणाला कळत नाही म्हटल्यावर मामांनी बोलणंच सोडलं. कोणी भेटायला आलं की तोंड भिंतीकडे... माणूस असा आतल्या आत संपणार, याची मला धास्ती बसली होती.

डॉक्टरांना विचारून श्वासाच्या व्यायामासाठी योगाच्या ताई लावल्या. श्वास कोंडायचा नाही, जोर करायचा नाही. नाकानं सावकाश घ्यायचा, ओठांतून त्याहून सावकाश सोडायचा, बस्स!

तर मामा तेवढंही करेनात. नुसते गाल फुगवून बसायचे. ताई म्हणायच्या, "काका, सोडताना मध्येच घेऊ नका हो." मला वाटलं, हट्टीपणा चाललाय. दोनदा तोंडावर फटकन बोललेसुद्धा. आता लाज वाटते.

त्या सकाळी ताईंसमोरच मी पुन्हा तोंड सोडलं, तसा मामांनी डावा हात माळ्याकडे केला. चार खोकी उतरवल्यावर फुंकणी निघाली. मग निरांजनाकडे बोट... तेही लावलं.

त्यांनी डाव्या हातात फुंकणी धरली आणि मान हलवून मला जवळ बोलावलं. ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटत होती, तिथं माझं बोट हवं होतं. सुनेनं सासऱ्यांच्या तोंडाला हात लावायचा... क्षणभर अवघडले. मग धरला कोपरा.

ज्योत आडवी झाली. मामा नाकानं श्वास घेत होते, तरी गालातली फुंकर तुटत नव्हती. थोडाच वेळ... पण अहो, हेच तर ते रोज करत होते! सोनाराची फुंकर मध्ये तुटून चालत नाही.

"काका, हे मला नाही येत," ताई म्हणाल्या.

मामांनी फुंकणी खाली ठेवली. जड जिभेनं, एकेक शब्द ओढत म्हणाले, "बस... शिकिवतो की."

आता रोज सकाळी आधी ताईंचा श्वास, मग मामांचा. मी ओठाचा कोपरा धरून बसते. मध्येच सूचना द्यायला गेले तर मामा म्हणतात, "गप."

एवढा गोड शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.